तांबडी लादी उकरते

बुधवार, तिन्हीसांजा

तांबडी आजही खुराड्यातली लादी उकरत होती. लादीत काय मिळणार तिला? शेजारच्या नव्या बिल्डिंगवाल्यांनी तक्रार केली, तेव्हापासून चारही कोंबड्या आत आहेत. आधी केळीच्या बागेत दिवसभर किडे-गांडुळं शोधायच्या, अंगाला काय हवं ते त्यांचं त्याच बघायच्या. आता मी बघते. कणी, कोंडा, सुका जवळा, भाजीचे देठ, अंड्याचं कवच पातळ होऊ नये म्हणून शिंपल्यांचा चुरा. एवढं करून ही लादीच उकरते!

सकाळी सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "तिला जरा बाहेर सोड गो." मी चिडून म्हटलं, "कशाला? आत सगळं मिळतंय तिला."

दुपारी नवऱ्याचा कुवेतहून फोन. सासूबाई पडल्या म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली, त्याला आता वर्ष होईल. शाळा परत बोलावतेय, म्हटलं, दिवसा त्यांच्याजवळ बाई ठेवूया. तर म्हणतो, "कशाला? घरात सगळं मिळतंय ना तुला?"

माझेच शब्द. रविवारची चर्चमधली मिस्सा सोडली तर कुठे जाते मी तरी?

मघाशी बागेतली घमेलंभर माती लादीवर ओतली. तांबडी तुटून पडली तिच्यावर. बराच वेळ उकरून एक किडा मिळाला, एवढासा. भरलेल्या थाळीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

मी खुराड्याला कडी घातली आणि सासूबाईंची पेज ठेवायला आत आले.