पन्नी गुंडाळलेला फ्यूज

मी चुन्नीलाल बिसराम पटले, वय ५४, धंदा गाड्यांत म्युझिक सिस्टिम बसवणे, राहणार गोंदिया, आज पूर्ण शुद्धीत असून, कोणी धाक दाखवला नाही की लाडीगोडी लावली नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. मला साखर आहे, दारू नाही.

१. राहते घर व पोस्टातील ठेव पत्नी धुरपता हिला. माझ्या तापट स्वभावाची सगळी वर्षे तिने त्याच घरात काढली, तेव्हा दुसऱ्या कोणाचा हक्क पोचत नाही.

२. मल्टिमीटर साळा केशोराव यास. एकदा मागून नेला, तो परत मिळवायला मला तीन दिवाळ्या लागल्या. आता त्याने तो बिनधास्त ठेवावा.

३. दुकान. याचे कारण लिहिल्याशिवाय वाटणी समजणार नाही.

२००७ च्या लग्नसराईत दवनीवाड्याच्या चंद्रकुमारने गॅसवर चालणारी व्हॅन आणली. अ‍ॅम्प्लिफायर चार चॅनलचा, सबवूफर, म्हणजे धमक देणारा मोठा स्पीकर, एकच. मी दोन चॅनल ब्रिज केले, म्हणजे डाव्याचा प्लस आणि उजव्याचा मायनस घेऊन दोघांचा जोर एका सबवर आणला. अशा वेळी सबच्या दोन्ही कॉइल एकामागे एक जोडाव्या लागतात, नाहीतर अ‍ॅम्प त्याला झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो. मी तशाच जोडल्या होत्या.

“आवाजच नाही येऊन राहिला, चुन्नीभाऊ,” तो म्हणाला. “वरातीत लोक हासतीन.”

मला ते झोंबले. कॉइल सोडून समांतर जोडल्या. काचा थरथरल्या, तो खूश झाला आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. तिसऱ्यावर मी सिगारेटच्या पाकिटातली चांदीची पन्नी गुंडाळली. तो उडाला नाही.

आठव्या दिवशी भर दुपारी वायर तापून व्हॅन पेटली. चंद्रकुमार आत बसून गाणी ऐकत होता. तो वाचला नाही. पंचनाम्याला जाणकार म्हणून मलाच बोलावले आणि मी लिहून दिले की वायरिंग चोख होती. दोष गॅसकिट बसवणाऱ्या गोवर्धन रहांगडाले याच्यावर गेला. तो निर्दोष आहे. चार वर्षांनी कोर्टातून सुटला, पण त्याच्याकडे पुन्हा गाडी कोणी आणली नाही. आज तो राइस मिलमध्ये पोती उचलतो.

तेव्हापासून दुकानाच्या कोपऱ्यातला एक सब, ज्याला एकही वायर जोडलेली नाही, दुपारी धप धप करतो. हात ठेवला की त्याचा कागद आतबाहेर होताना लागतो. धुरपताला काही ऐकू येत नाही. मी पाच वर्षे भीत आलो आहे, आणि मी भ्यावे हे बरोबरच आहे.

म्हणून दुकान, मालासकट, गोवर्धनची मुलगी डिंपल हिला. हे कलम चंद्रकुमारची आई शकुंतलाबाई यांना व पोलिसांना वाचून दाखवावे.

४. गोवर्धनला साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावले. वाटले, तो वाचेल आणि मला तोंडाने सांगावे लागणार नाही. कागद त्याच्यापुढे सरकवला, माझा चष्माही दिला.

“वाचाचं कायले?” तो म्हणाला. “तू लिवलं तं बरोबरच असन. सही कुठी करू?”

मी बोट ठेवून जागा दाखवली. तो गेल्यावर हे कलम कोऱ्या सोडलेल्या जागेत लिहिले आहे.

ठिकाण : गोंदिया
दिनांक : १९ नोव्हेंबर २०१२

(सही) चुन्नीलाल बिसराम पटले

साक्षीदार, सही व लिहून ठेवणाऱ्याशी नाते (साक्षीदाराने स्वतः लिहावे) :
१. शामकला बिसेन – शेजारीण
२. गोवर्धन रहांगडाले – जिवाभावाचा दोस्त