वेदीजवळची टोपली

प्रिय पप्पा,

तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून हे पत्र. आई सांगते, शिंपीकाकांना माती दिल्यापासून तुम्ही व्यासपीठावर चढला नाहीत, ताट तसंच परत येतं आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असता. लोक म्हणतात, पाळकसाहेब उपास-प्रार्थनेत आहेत. म्हणू देत, लोकांचं तोंड कोण धरणार! पण भिंतीकडे तोंड करून पडणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

कॉलेज बरं चाललंय. मानसशास्त्र शिकून पोरगी देव विसरेल, अशी तुम्हाला धास्ती होती ना? अहो, आमचा तास प्रार्थनेनेच सुरू होतो. आमच्या बाई पूर्वी मनोरुग्णालयात मेट्रन होत्या. आवाज असा, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारा दचकून आमेन म्हणतो. पहिल्याच चाचणीत त्यांनी विचारलं, बायबलातल्या, झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणाऱ्या संदेष्ट्याला काय कमी पडलं होतं? मी पडले पाळकाची पोर! सगळ्यांच्या आधी लिहून मोकळी झाले, विश्वास. भोपळा मिळाला, पप्पा. खाली बाईंचा शेरा, देवदूताने त्याला उपदेश केला का? पुन्हा वाच. खोलीवर येऊन वाचलं. देवदूताने भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. हा उतारा तुमच्या तोंडून कितीदा ऐकला असेन, पण ती भाकर आपल्या घरात कुणाला दिसलीच नाही. त्या दिवशी मी खूप रडले, आणि तुमचा भयंकर राग आला.

राग अजून आहे, लपवत नाही. वेदीजवळची ती टोपली तुम्हीच ठेवलीत. प्रभूने बरं केलं अशी ज्याची खात्री पटेल, त्याने आपलं औषध टोपलीत टाकायचं आणि उभं राहून साक्ष द्यायची. माझ्या नैराश्याच्या गोळ्या मी टाकल्या तेव्हा तुम्ही भर मंडळीत मला जवळ घेतलंत. इतक्या अभिमानाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतंत माझ्याकडे. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गच्चीच्या कठड्यावरून मला मागे ओढलंत तुम्हीच, आणि इस्पितळात माझे पाय चोळत बसलात तेही तुम्हीच. तरी रविवारी सांगितलंत काय, तर पोरीचा विश्वास कच्चा निघाला. टोपली तिथेच राहिली. मी चिडून आईला म्हटलं होतं, स्वतःचा चष्मा बरा नाही टाकत टोपलीत! चष्म्याशिवाय पुढ्यातलं ताट दिसत नाही यांना, आणि भरवसा ठेवायचा तो दुसऱ्यांनी. आई हसली.

शिंपीकाका माझ्यासारखे वाचले नाहीत. दरवर्षी माझ्या फ्रॉकची शिवण उसवून लांबी वाढवून द्यायचे आणि वर म्हणायचे, पोरगी आहे की बांबू! तेव्हापासून घरातही माझं तेच नाव पडलं. साखरेची इंजेक्शनं त्यांनी टोपलीत टाकली आणि आठवड्याच्या आत गेले. काकू म्हणतात, पाळकांवर माझा राग नाही. तुम्हालाही हेच म्हणाल्या असणार, आणि तेच तुम्हाला आतून खातंय. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पप्पा, चूक तुमचीच आहे. तुम्ही आजारी आहात म्हणून ती मी पुसणार नाही. पण काकूंच्या दारात जाऊन हात जोडायला, ती टोपली तुमच्याच हाताने उचलायला माणूस जिवंत लागतो हो. त्यासाठी अंथरुणातून उठायला हवं, आणि उठायला आता तुम्हाला औषध लागेल, जसं मला लागतं.

हे सगळं सुट्टीत येऊन सांगणार होते. पण काल आईचा फोन आला. हरखून सांगत होती, आज हे उठले, घड्याळ दादाला दिलं, कोट रखवालदाराला दिला आणि चर्चमध्ये जाऊन चष्मा टोपलीत ठेवून आले. मंडळी म्हणतेय, केवढा हा विश्वास! मी लगेच पिशवी भरायला घेतली. जीव द्यायला निघालेला माणूस आधी आपल्या वस्तू वाटून टाकतो, असं आमच्या पुस्तकात आहे. पुस्तक कशाला हवं, गच्चीवर जाण्याआधी माझी आवडती छत्री मी मैत्रिणीला देऊन टाकली होती. मिळेल त्या गाडीने निघाले. सकाळी तुमच्या खोलीत आले, तर मला बघून तुम्ही डोळे मिटून घेतलेत. म्हणून आपल्याच स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय. दादा तुमच्या उशाशी आहे, तो हलणार नाही, त्याच्यावर खेकसू नका. डॉक्टर दुपारी येतील. टोपलीतून चष्मा मी काढून आणलाय आणि भाकर, पाणी, हे पत्र यांच्याबरोबर ताटात ठेवतेय. वाचून दाखवायचं नाही, असं आई आणि दादा दोघांनाही बजावलंय. म्हणजे तुम्ही इथपर्यंत वाचलं असेल, तर चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे. तो काढू नका, पप्पा. भाकर खा, मग मला हाक मारा.

तुमचीच,
दाराबाहेर बसलेली
बांबू