कापसाच्या दिवसांतला रेडिएटर

बाबा, मी शर्यत जिंकले. आधी हे सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला आवडायची नाही. गिऱ्हाईक गाडीची जन्मकुंडली मांडायला लागलं की तुम्ही म्हणायचात, "साहेब, दुखायलंय कुठं तेवढं सांगा." तर दुखत काहीच नाही. जिंतूर रोडला एकाच्या शेतात, सोयाबीन निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात, रोलर फिरवून गोल वाट केली होती. रोजच्या वापरातल्या साध्या गाड्या, एका वेळी एक, तीन फेऱ्या, घड्याळ लावून. लहान पेट्रोल गाड्यांमध्ये तुमची मुलगी पहिली आली. साठी ओलांडलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली, पण पहिली.

तुम्ही जाऊन तीस वर्षं होतील. एवढ्या काळात तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही असं नाही, पण तुम्हाला सांगण्याजोगं माझ्याकडे काय होतं? शाळेत गणित शिकवलं, संसार केला, निवृत्त झाले. हे सगळं तुम्हाला हवं होतं तसंच झालं. तुमच्या जगातलं सांगण्यासारखं काही घडलं ते आत्ता.

आमचा एक गट आहे. रविवारी सकाळी पोखर्णीच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर आम्ही जमतो. गट चालवतात ते दातांचे एक तरुण डॉक्टर. एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. बाकी काही शेतकरी, दोन तलाठी, आणि मी, गणिताची मॅडम. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की सगळे मिळून त्याला शहाणं करतात. "पहाटं जावा, मालकानं इंजिन गरम करून ठेवायच्या आत. बॉनेटला हात लावा, कोमट लागलं की परत फिरा." "दाराचं रबर ओढून बघा, आत दुसरा रंग दिसला तर ठोकलेली हाय समजा." मी वर्षभर नुसती ऐकत होते. मग एक दिवस सेलूहून एक लहान, चांदीच्या रंगाची, बारा वर्षांची गाडी घेऊन आले. कापसाच्या जिनिंग कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या एका गृहस्थांची होती. बॉनेट थंड, रबराखाली रंग तोच. मामांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मॅडम, गाडी म्हातारी हाय."

"मीही आहे," मी म्हटलं.

"तुमी रिटायर झालात. ही अजून ड्युटीवर हाय, म्हणून म्हणायलोय."

सगळे हसले, मीही हसले. शर्यतीसाठी माझं नाव डॉक्टरांनी लिहून घेतलं, पण लिहिताना त्यांचा हात जरा थांबला, तो मी पाहिला. आठवडाभर आधी चाचणीच्या फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीला माझा तापमानाचा काटा चढायला लागला आणि तिसरीच्या आधीच लाल पट्टीत गेला. मी गाडी बाजूला घेतली तेव्हा बॉनेटखालून तो ओळखीचा, गोडसर, उकळत्या कूलंटचा वास येत होता. सगळे गोळा झाले. "हेडगॅस्केट गेलं." "पाण्याचा पंप बघा." एक शेतकरी म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका की! आमच्या सगळ्या गाड्यांचे काढलेत. आपल्या उन्हात कशाला पायजेल तो?" मामांनी समोरच्या जाळीतून टॉर्च मारून पाहिलं. "रेडिएटर तर चकाचक हाय. धुतलेली दिसायलीय." धुतलेली होतीच. आदल्याच दिवशी वॉशिंग सेंटरवर मी स्वतः उभं राहून समोरून जोराचं पाणी मारून घेतलं होतं, गाडी मैदानात चांगली दिसावी म्हणून.

डॉक्टर मला बाजूला घेऊन गेले. फार अदबीनं बोलतात ते. "मॅडम, नियम सगळ्यांना एकच. रविवारी सकाळी एक फेरी मारून दाखवायची. काटा चढला तर नंबर रद्द. आणि खरं सांगू का, घड्याळ धरायला आपल्याला भरवशाचं माणूस पाहिजेच आहे. तुमच्याइतकं कोण चोख?"

बाबा, त्यांच्या बोलण्यात अपमान नव्हता. म्हणूनच ते लागलं. आयुष्यभर मला घड्याळच धरायला मिळालं आहे. दुसऱ्यांची पोरं पळाली, मी गुण दिले. कडेला उभी राहून मोजणाऱ्या बाईचा सगळे मान ठेवतात, तिला कुणी गाडीत बसवत नाही. रविवारी नंबर गेला असता तर पुढच्या वर्षीपासून मला कुणी विचारलंच नसतं, आणि मीही विचारलं नसतं. हे मला घरी परत येताना, इंजिनाची उष्णता आत ओढायला हीटर लावून, खिडक्या उघड्या टाकून, काटा खाली ठेवत हळू गाडी चालवताना लख्ख कळलं.

मी चौदा वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी आहे. तुम्ही बाजारात पार्ट आणायला गेला आहात आणि गॅरेजमध्ये एका वकिलांची जीप उभी आहे, तिचा कार्ब्युरेटर बाकावर काढून ठेवलेला. मी तो उघडते. प्रत्येक जेट पेट्रोलमध्ये धुते, काढला त्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडते, प्रत्येकाशेजारी पेन्सिलीनं आकडा लिहिते. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी बेडकाचं चित्र काढून नावं द्यायला शिकवलं होतं, तसं. तुम्ही परत येता, सोबत जीपवाले वकीलसाहेब. मला वाटतं तुम्ही आकडे बघून खूश व्हाल. वकीलसाहेब हसत म्हणतात, "काय उस्ताद, नवीन हेल्पर ठेवला का?" आणि तुमचा चेहरा बदलतो.

"ऊठ. इथं परत पाय ठेवायचा न्हाई. तुजे हात काळे करायला म्या तुला सिस्टरांच्या शाळेत घातली न्हाई."

मी उठले. तुम्ही माझ्या आकड्यांप्रमाणेच तो जोडलात, आणि जीप पहिल्या चावीला सुरू झाली. ते तुम्ही पाहिलंत, मीही पाहिलं. दुसऱ्या दिवशी माझ्या अंथरुणाशेजारी नवी कंपासपेटी होती. माफी मागायची तुमची तीच तऱ्हा. मला तुमचा राग आला होता आणि पेटीही हवी होती. शाळेत तुम्ही यायचात तेव्हा हात पाठीमागे बांधून उभे राहायचात, नखांतला काळा रंग सिस्टरांना दिसू नये म्हणून. मी मात्र तो बघायचे. तो रंग कुठून लागतो, तिथंच तर मला जायचं होतं.

त्यानंतर मी तुमचा डबा घेऊन यायचे ती फाटकापर्यंत. फाटकाच्या आत पाय नाही. पण बाबा, फाटकातून दिसतं. तुम्ही जेवायला हात धुवेपर्यंत मी तिथं उभी असायचे, आणि कापसाचे दिवस आले की सेलूच्या जिनिंगवरच्या जीपा तापून तापून यायच्या. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी त्यांचं काय काय बदललेलं असायचं. तुम्ही काहीच बदलत नव्हता. दोन बोल्ट सैल करून रेडिएटर तुमच्याकडे कलता करायचात आणि इंजिनाच्या बाजूनं, आतून बाहेर, बारीक धारेनं पाणी सोडायचात. समोरच्या अंगाला हळूहळू कापूस फुगून यायचा. गोधडीच्या तुकड्यासारखी एक आख्खी चादर तुम्ही बोटांनी सोलून काढायचात आणि ड्रायव्हरला दाखवायचात: "म्होरून पाणी मारलंस, व्हय ना? आन् आत कोंबलास त्येला."

चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी अंगणात जुनी चादर अंथरली. तुम्हाला आजच्या गाड्यांचं ठाऊक नाही, रेडिएटरच्या पुढे एसीची आणखी एक जाळी असते. मामांनी समोरून पाहिली ती चकाचक जाळी म्हणजे ही एसीची. रेडिएटर तिच्यामागे लपलेला. वरचे दोन बोल्ट काढले. एक निघेना, तेव्हा पान्यावर लटकले. रेडिएटर मागे कलता केला आणि मधल्या फटीत टॉर्च मारला. बाबा, बारा वर्षांचा कापूस! जिनिंगच्या फाटकातून रोज आत-बाहेर केल्याचा, आणि वर माझ्या वॉशिंग सेंटरच्या पाण्यानं थापून बसवलेला. पाण्याची नळी इंजिनाच्या बाजूला घेतली, धार बारीक ठेवली आणि वाट पाहिली. मग तो फुगून आला. मी बोटांनी धरला आणि सोलला. तळहाताएवढे, मग ताटाएवढे, करडे, ओले तुकडे निघाले. मी एकटी अंगणात मोठ्यानं हसले. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "ताई, उशी फाटली का काय?"

रविवारी दाखवायच्या एका फेरीऐवजी मी तीन मारल्या. काटा अर्ध्यावर. मामा खिडकीपाशी आले, त्यांनी स्वतः वाकून काटा पाहिला. "काय बदललं?"

"काहीच नाही," मी म्हटलं, आणि मागच्या सीटवरून पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत हात घातला, कापूस चिमटीत धरला, आणि त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "आयला! आन् म्या टॉर्च मारून बघितलं."

मग शर्यत. वळणावर ब्रेक लावला की काळ्या मातीचं पीठ होतं आणि गाडी घसरते, म्हणून मी वळणाच्या बऱ्याच आधी वेग उतरवला आणि वळणात ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. डॉक्टर माझ्या आधी गेले होते, त्यांनी प्रत्येक वळणावर धुरळ्याचा डोंगर उठवला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या फेऱ्यांना कुणी शिट्टी मारली नाही, कारण दिसण्यासारखं काही घडलंच नाही. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. त्या म्हाताऱ्या इंजिनाचा आवाज असा स्वच्छ, एकसंध निघाला की मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. घड्याळ तलाठ्यांकडे होतं. त्यांनी दोनदा पाहिलं, मग डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर माझ्याकडे चालत आले आणि भर रानात वाकून त्यांनी मला नमस्कार केला. मामा सगळ्यांना सांगत होते, "म्हातारी म्हणलं का न्हाई म्या? म्हाताऱ्याच पळतेत!" आता पुढच्या रविवारी तीन जण आपापल्या गाड्या घेऊन माझ्या अंगणात येणार आहेत.

हे कागद मी गाडीच्या पुढच्या कप्प्यात, पीयूसीच्या सर्टिफिकेटखाली ठेवणार आहे. तुम्हाला ते पोचायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. सगळे म्हणत होते, आज तुमचे वडील असायला हवे होते. मी मान हलवली. पण त्या शेवटच्या वळणावर, बाबा, तुम्ही कडेला उभे दिसला असता, तर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला असता. तुम्ही तिथं नव्हता याचं मला बरं वाटलं.