हलगीचा काय दोष न्हाई

माजी सुभेदार भिकाजी तांडेलसाहेबांस, कडेगावच्या माजी हवालदार हंबीररावाचा कडक सलाम. (गुडघा धरलाय म्हणून बसूनच ठोकलाय, मानून घ्या.) वहिनींचा संधिवात कसा हाय? हिनं गुळाची ढेप दिलीय, एस.टी.तनं उतरून घ्या. आमी खुशाल हाय, म्हंजे तब्येतीनं.

मे महिन्यात तुमच्याकडं धाड घातली त्याचं लय वाईट वाटतंय. साहेब, आमच्याकडं पाव्हणा आला की फेटा, नारळ आन् हलगी. मग डॉल्फिनासारखा मोठा पाव्हणा भेटणार म्हटल्यावर हात हलवत कसं जायचं? म्हणून गावच्या हलगीवाल्या ज्ञानूला हलगीसकट तुमच्या होडीत घातला. (फेटा बांधायचा कुठं, हा इचार होडी सुटल्यावर सुचला.) ज्ञानूनं कडकडाट केला, संगं आलेल्या आप्पासोनं कठड्यावर वाकून सकाळचा समदा नाष्टा समुद्राला दिला. तुमी दोनदा हलगी थांबवा म्हणालासा, आमी ऐकलं न ऐकल्यागत केलं. तीन तास हिंडलो. ना शेपूट, ना पाठ. गेल्या साली हितं सात-आठ असायचे, पिल्लं घेऊन, एवढंच तुमी म्हणत हुता. माज्या नातीनं, ओवीनं, त्यांच्यासाठी अर्धी भाकरी फडक्यात बांधून आणली हुती. माघारी येताना ती तिनंच खाल्ली.

मग सगळ्यांनी ज्ञानूवर तोंड सोडलं. मीबी सोडलं, सगळ्यांच्या वरताण. त्यानं तवापासनं हलगी खुंटीला टांगलीय. औंदा बेंदराला बैलं मुकीच फिरली. वहिनींनी वाढलेली सोलकढी त्या दिवशी मी तशीच ठेवली, ती चवीमुळं नव्हं. ज्ञानूला तुमीच चार ओळी लिवा, हलगीचा काय दोष न्हाई म्हणून. माज्या तोंडातनं निघंना.

तुमचा, हंबीरराव

ता.क. बोटी लागायच्या धक्क्यासाठी किनाऱ्याला खडक फोडणारं ते पिवळं पोकलँड, ज्याच्या दणक्यानं होडीच्या फळ्या थरथरत हुत्या, ज्याला तुमी शिव्या घातल्या आन् मीबी घातल्या, ते आमच्या जयराजचं, ओवीच्या बापाचं हाय. नवी मशीन घेतली की आमच्यात लेकराचं नाव घालत्यात. त्याच्या दांड्यावर 'ओवी' लिवलंय. तुमाला लांबनं वाचता आलं न्हाई. तिला आलं. (मी तिचं तोंड दुसरीकडं फिरवलं, डॉल्फिन तिकडं हाय म्हणून. तिकडं काय नव्हतं.)

आणखी एक ता.क. धक्का आणखी पुढं वाढवायचाय, त्याची सुनावणी दिवाळीआधी हाय म्हणं. तुमच्या गावच्या हरकतीच्या अर्जावर माज्या सहीला जागा ठेवा. जयराजनं घरातनं काढलं तर तुमच्या पडवीत एक खाटबी.

शेवटचं. ओवीनं काल जेवताना बापाला इचारलं, मशीनवरनं माजं नाव पुसलं तर डॉल्फिन माघारी येतील का? जयराज ताटावरनं उठला. मी तिला व्हय म्हणून बसलोय. साहेब, येतील न्हवं?