तक्रारीविना शंभर दिवस

बाबा, मला तुमचा अजून राग येतो. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर दोन ओळी वाचून तुम्ही नेहमीसारखं म्हणाल, "चांगलं काय ते आधी सांग." चांगलं असं की मी बेलवलीला राहते, आई माझ्याकडे आहे, आणि आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने मला येत्या रविवारी दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. विषय आहे, आनंदी जगण्यासाठी रोजच्या सोप्या सवयी. मी शाळेत शिकवते म्हणजे मला बोलता येणारच, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. सेक्रेटरीबाईंनी मुद्देही मोबाइलवर पाठवले. पहाटे उठा, अंथरूण स्वतः आवरा, रोज तीन चांगल्या गोष्टी आठवा, महिनाभर एकही तक्रार न करून बघा. शेवटचा मुद्दा वाचला आणि माझं डोकं फिरलं. भाषणासाठी चार कोरे कागद घेऊन बसले होते, त्यावर हे तुम्हाला लिहायला घेतलंय. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा उत्तराची मला घाई नाही.

त्या यादीतलं एकही वाक्य मला नवीन नाही. अंबरनाथच्या कंपनी क्वार्टर्समधल्या आपल्या दोन खोल्यांत मी या सगळ्यावरच वाढले. साडेपाचला तुम्ही उठायचे, स्वतःच्या अंथरुणाची घडी स्वतः घालायचे, तांब्याभर कोमट पाणी उभ्याने प्यायचे, आणि मग माझ्या पांघरुणाचं टोक धरून म्हणायचे, चला, नवा दिवस आला. वाटेत कोणी "काय साहेब, कसं काय?" म्हटलं की तुमचं उत्तर ठरलेलं, "छान!" पाऊस असो, कंपनीत संप असो, सख्खा भाऊ गेलेला असो, छान. शेजारच्या काकू तुमच्या पाठीमागे तुम्हाला छानसाहेब म्हणायच्या, हे तुम्हाला माहीत नसेल. खरं बोलायचं तर त्यातलं बरंचसं चांगलं होतं. अंथरुणाची घडी मी आजही घालते, न घालता बाहेर पडले तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं. रात्रीच्या जेवणाआधी प्रत्येकाने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची, ही तुमची पद्धत मी माझ्या वर्गात चालवते आणि मुलांना ती आवडते. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. माझं भांडण त्या फळ्याशी आहे.

तुम्ही कंपनीत सेफ्टी ऑफिसर. गेटच्या आत शिरलं की उजव्या हाताला तुमचा तो मोठा बोर्ड, "अपघाताविना दिवस", आणि खाली आकडा. रोज सकाळी तुम्ही स्वतः जाऊन तो एकाने वाढवायचे. कोणाला काही इजा झाली की आकडा शून्यावर. एका दिवाळीनंतर तुम्ही तसाच एक छोटा फळा घरी आणलात आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या खिळ्याला टांगलात. पांढऱ्या रंगाने सुबक अक्षरात लिहून आणलं होतंत, "तक्रारीविना दिवस". नियम साधा होता. घरात कोणीही कुरकुर केली की शून्य. भात मऊ झाला, वीज गेली, अमकी मैत्रीण बोलली नाही, काहीही चालणार नाही. सलग शंभर दिवस झाले की मला लाल रंगाची लेडीज सायकल. मी अकरा वर्षांची होते. सायकलसाठी मी जीभ चावून गप्प बसायला शिकले आणि तुम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे की बघा, पोरीचा स्वभावच बदलला.

पहिल्या खेपेला आपण एकतीसपर्यंत गेलो होतो. बत्तिसाव्या दिवशी संध्याकाळी आई पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "आज डोकं फार दुखतंय हो. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात." तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही कधीच रागवायचे नाहीत, तेच तर आहे. तुम्ही हसत हसत उठलात, ओलं फडकं घेतलंत, एकतीस पुसलंत आणि तिथे मोठं गोल शून्य काढलंत. "डोकं काय, दुखतं आणि राहतं," तुम्ही म्हणालात, "त्याला मोठं करायचं नाही." मी दोन दिवस आईशी बोलले नाही. माझी सायकल तिने घालवली होती. तिसऱ्या दिवशी तिनेच माझी वेणी घालताना कानाशी येऊन सांगितलं की आता माझ्याकडून नाही हो चुकणार. तिने शब्द पाळला, बाबा. पुढचे शंभर दिवस तिने तोंडातून हूं की चूं काढलं नाही. रोज रात्री जेवणाआधी चांगली गोष्ट सांगायची तिची पाळी आली की ती म्हणायची, आज अळू छान मिळालं, आज नळाला पाणी जास्त वेळ होतं. कपाळाला सुंठेचा लेप लावायची तो तुम्ही कंपनीत गेल्यावर, आणि तुम्ही यायच्या आत धुऊन टाकायची.

शंभरावा दिवस. रविवार. आपण तिघं उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये सायकल घ्यायला गेलोय. दुकानदार सायकल जोडून द्यायला अर्धा तास लावणार आहे, आणि शेजारीच चष्म्याचं दुकान आहे. तुम्ही आईला म्हणता, चल, तुझाही नंबर काढून टाकू, सुईत दोरा ओवताना हल्ली वेळ लावतेस. दुकानाचे म्हातारे सिंधी मालक तिला स्टुलावर बसवतात. डावा डोळा झाकून ती समोरच्या तक्त्यावरच्या ओळी धडाधड वाचते. मग उजवा झाकायला सांगतात. ती गप्प. ते विचारतात, सगळ्यात वरचं मोठं अक्षर तरी? ते बॅटरी घेऊन वाकून बघतात आणि तुमच्याकडे वळतात. "साईं, इस आँख में तो कुछ है ही नहीं. भाभी, कब से?" मी दारात उभी आहे, एक डोळा बाहेर माझ्या सायकलवर. आई उत्तर देण्याआधी तुमच्याकडे बघते. तेवढं बघणं मी आयुष्यात विसरणार नाही. मग म्हणते, "दोन महिने झाले असतील. शंभर पूर्ण व्हायचे होते ना."

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, ती डोकेदुखी आणि ती रंगीत कडी म्हणजे त्याचीच हाक होती, तेव्हाच आणलं असतं तर डावा डोळा बहुतेक वाचला असता. उजव्या डोळ्याचं छोटं ऑपरेशन करून तो त्यांनी राखला आणि त्यासाठी जन्मभराचे थेंब दिले. हे झालं ते झालं. पण त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी दात घासत स्वयंपाकघरात आले आणि फळ्यावर आकडा होता एकशे एक. एकशे एक! आईचा एक डोळा गेला होता आणि तुमचा हिशोब चुकला नव्हता, कारण तिने तक्रार केलेलीच नव्हती, तिला चष्मेवाल्याने विचारलं होतं. त्या आकड्यासाठी मी तुम्हाला कधी माफ केलं नाही. तुम्ही पुढे अठरा वर्षं सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यात थेंब घातलेत, तापात असतानाही उठून घातलेत, तरी नाही. सायकल मी सहा महिन्यांत गंजवली. तुम्ही विचारलंत, का चालवत नाहीस, आणि मी म्हटलं, छान आहे सायकल.

तुम्ही गेल्यावर बाराव्याला सोनिवलीचे एक गृहस्थ आले होते, तुमच्याच प्लांटमधले जुने कामगार. पत्रावळीवर बसले तेव्हा माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. दोन बोटं कातडीने एकमेकांना चिकटलेली. मी विचारलं तर म्हणाले, अॅसिड उडालं होतं, पण बाही खाली घेऊन तशीच पाळी पुरी केली. "साहेब मानूस लय चांगला व्हता ताई," ते म्हणाले, "पन बोर्ड झिरो झाला असता ना. दोनशे झालं का सगल्यांना डबा भेटनार व्हता. म्हनून कोनी सांगला नाय." तो स्टीलचा डबा त्यांच्या घरात अजून आहे म्हणे. त्या दिवशी मला कळलं की कंपनीतही तुमच्या बोर्डाने तेच केलं जे घरी केलं. माणसं दुखणं थांबवत नव्हती, नुसती लपवत होती, आणि तुम्ही खडू हातात घेऊन खूश. तुम्हाला तो हात कधी दिसलाच नाही का? की दिसला आणि तुम्ही 'छान' म्हणालात?

आता आजचं सांगते. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्याजवळ एकच डोळा आहे. तुमच्यामागे ती थेंब स्वतःच घालते. गेल्या महिन्यात इथल्या डॉक्टरांनी तपासलं तर त्या डोळ्यातला दाब वाढलेला. थेंब वेळेवर घालता ना आजी, त्यांनी विचारलं. हो तर, छान चाललंय, आई म्हणाली. तो शब्द ऐकून दवाखान्यातच मला रडू आलं, रागाने. डॉक्टरांनी नवे थेंब लिहून दिले. घरी येऊन मी फर्मान काढलं की उद्यापासून सकाळच्या चहाला एक तक्रार, त्याशिवाय कप मिळणार नाही, आणि नियम दोघींनाही. पहिले चार दिवस ती माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत राहिली. मग हळूहळू म्हणायला लागली, पंखा वाजतो. वरच्यांचा मिक्सर सकाळी सहाला सुरू होतो. तुझ्या चहात आलं कमी. तिला जमेना, पण ती प्रयत्न करत होती, आणि मला आतून जिंकल्यासारखं वाटत होतं.

परवा सकाळी तिने कप पुढे सरकवला आणि म्हणाली, "आजची तक्रार तुझ्याबद्दल आहे. इतकी वर्षं त्या एकशे एकावरून तू त्यांना मनात धरून बसलीयस. ते मी लिहिलं होतं." माझ्या हातात भांडं तसंच. ती सांगत राहिली, जणू कालची गोष्ट. तुम्ही त्या सोमवारी पहाटे फळा काढायला स्टुलावर चढलात आणि तिथेच खिळ्याला धरून उभे राहिलात. किती तरी वेळ. "मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना," ती म्हणाली. "मी म्हटलं उतरा खाली. आणि खडू घेऊन लिहिलं, म्हणजे त्यांना वाटेल काही बिघडलं नाही." मग त्याच दमात, कपाकडे बघत, "आणि हे नवे थेंब फार चुरचुरतात गं. दहा दिवस मी घातलेले नाहीत." चहा तसाच ठेवून मी रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले. थोडी नजर गेली ती गेली, बाकीची राहील म्हणाले, अजून महिना असाच गेला असता तर काही खरं नव्हतं.

म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. एकशे एक तिने लिहिलं असेल, पण ते लिहून नवऱ्याला सावरायला हवं असं तिला वाटावं, हे तुम्हीच तिला शिकवलंत. एका डोळ्याने आंधळी झालेली बाई दुसऱ्याच दिवशी तुमची समजूत काढत होती, आणि तुम्ही ती काढून घेतलीत. फळा त्यानंतरही आठवडाभर भिंतीवर होता, मी बघितलाय. मला अजूनही तुमच्यावर ओरडायचं आहे. फक्त परवापासून ओरडायला बसलं की मला तुमच्याऐवजी ओटा दिसतो.

कारण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आईलाही मी कधी बोलून दाखवली नाही. फळ्यावर त्र्याऐंशी होते त्या सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होतात आणि आई कपात चहा ओतत होती. चहा कपाच्या बाजूला ओट्यावर पडत होता आणि ती ओततच होती. मग तिला कळलं. तिचा हात कप कुठे आहे ते चाचपायला लागला. मी अकरा वर्षांची होते, काही तान्ही नव्हते. मी फळ्याकडे बघितलं, सतरा राहिले होते. न्हाणीघराची कडी वाजली तशी मी फडकं घेऊन ओटा पुसला, फडकं पिळलं, कप तिच्या हाताखाली सरकवला, आणि तुम्ही बाहेर आलात तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

चारही कागद भरले, रविवारचं भाषण तसंच राहिलं. हे पाठवायला पत्ता नाही आणि घरात ठेवलं तर आई कोणाकडून तरी वाचून घेईल, म्हणून फाडून टाकीन. आज सकाळी चहाला तिने तिची तक्रार सांगून झाल्यावर मला विचारलं, नियम दोघींना आहे ना, मग तुझी काय? मी तिच्या कपाकडे बघितलं आणि म्हटलं, माझं काही नाही गं, छान आहे सगळं.