‘हाऊ आर यू’चं पूर्ण उत्तर

धाकटे, थोरलीचे आशीर्वाद घे आणि बसून वाच.

लेकाकडे मी मजेत आहे. इंग्रजीचं मात्र इथे पार मातेरं झालंय. शेजारीण रोज लिफ्टपाशी “हाऊ आर यू?” विचारते. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी पूर्ण वाक्यांत उत्तर दिलं, गुडघ्यापासून बद्धकोष्ठापर्यंत. बाई जिन्याने पळाली!

सूनबाई म्हणाली, “आई, त्यावर नुसतं ‘फाइन’ म्हणायचं असतं.”

“मग विचारायचं कशाला?”

काल मीच शेजारणीला विचारलं. “फाइन,” म्हणाली. मी लिफ्टचं दार धरून उभीच राहिले. शेवटी रडली बिचारी. नवरा इस्पितळात आहे. आज चहाला आली आणि चांगली पूर्ण वाक्यांत बोलली.

तुझी चक्कर कशी आहे? “बरी आहे” एवढंच लिहिलंस तर याद राख.

तुझी,
ताई