मुठीचा डबा

आई, सगळे म्हणतात तुझ्या हाताला चव होती. कालवणाला होती, मान्य. भात मात्र तुझा कायम गिचका व्हायचा, आणि का व्हायचा ते मला ठाऊक आहे. तू आधी तांदूळ मोजायचीस, त्या मापाने आधण ठेवायचीस आणि मग धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढून घ्यायचीस. तांदूळ कमी, पाणी तेवढंच. ती मूठ जायची स्टोव्हशेजारच्या पत्र्याच्या डब्यात. मुठीचा डबा म्हणायचो आपण त्याला. शरणपूर रोडच्या मागे आपल्या चाळीत बहुतेक ख्रिस्ती घरांत असा डबा असे. रोज रांधायच्या आधी प्रभूसाठी मूठभर बाजूला ठेवायचं, रविवारी उपासनेला जाताना डबा बरोबर घ्यायचा आणि चर्चच्या व्हरांड्यातल्या पिंपात रिकामा करायचा. ते तांदूळ कोणाच्या घरी पोचवायचे, ते पाळकसाहेब बघायचे.

मूठ भरली की तू तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचीस. मला वाटायचं गीताची ओळ असेल. एकदा मी हट्ट धरला, आज मूठ मी काढणार. तू बाजूला झालीस. मी बोटं मिटली, मूठ डब्यात टाकली, आणि तू माझं मनगट धरलंस. "ही मूठ नाय, चिमूट आहे," म्हणालीस. मी म्हटलं, माझा हातच लहान आहे. तर म्हणालीस, "मग दोन काढ." शहरात जन्म गेला तरी तुझं 'नाय' काही 'नाही' झालं नाही, आणि त्या 'नाय'पुढे आमचं कोणाचं चालायचं नाही.

पप्पांचंही नाही. सातपूरचा त्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा घरात घोटीचा इंद्रायणी जाऊन रेशनचा तांदूळ आला आणि तोही पुरेना. मला वाटलं, आता तरी डबा बंद होईल. पप्पांनी एकदा तुला चिडवलं, अगं, जग म्हणतं आधी पोटोबा मग विठोबा, आणि विठोबा तर आपल्या घरात नाहीच, मग निदान पोटोबा तरी सांभाळ. एरवी तू हसली असतीस. त्या दिवशी तू परातीतले खडे निवडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "पोटापुरतं तर कोंबडीपण जगते." पप्पा तुझ्याशेजारी बसून खडे निवडायला लागले. मला मात्र तुझा राग आला होता. मी कॉलेजात होते, भूक लागायची, आणि घरातल्या शेवटच्या मूठभर पिठाची संदेष्ट्याला आधी भाकर करून देणारी बायबलातली ती विधवा तुझ्या अंगात संचारली आहे असं मला वाटायचं. तेव्हाच मी ठरवलं, आपण नोकरी करायची, पैसे साठवायचे आणि या बाईला एक दिवस निवांत बसवायचं. मनापासून ठरवलं होतं गं, त्यात खोट नव्हती.

आणि बसवलंच तुला. पप्पा गेल्यावर पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटवर घेऊन आले. लिफ्ट, गॅलरी, गॅलरीत वेताची खुर्ची, स्वयंपाकाला बाई. किचन नवं करून घेतलं, ट्रॉल्या बसवल्या, आणि तुझा डबा कुठल्याच ट्रॉलीत मावेना. गंजलाही होता. भंगारवाल्याला दिला. तू दोन दिवस तो शोधत होतीस, म्हणून मी तुला समजावून सांगितलं, की आता तांदूळ न्यायची पद्धत राहिली नाही, मी दर महिन्याला फोनवरून चर्चला पैसे पाठवते, तुझ्या सगळ्या मुठींपेक्षा जास्तच होतात ते. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "मग मी उठू कशाला?" मी हसले. म्हटलं, उठूच नकोस, जन्मभर उठलीसच की, आता आराम कर.

मला ती लाडिक तक्रार वाटली, आई. तू प्रश्न विचारला होतास आणि मी तुझ्या अंगावर शाल घातली.

तुझी साखर काबूत होती, रक्तदाब काबूत होता, डॉक्टर माझी पाठ थोपटायचे. चर्चमधल्या बायका सलाम करून म्हणायच्या, लेकीनं आईचं सोनं केलं. मीही फुशारून जायचे, का नाही जाणार? फक्त सकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, तुझा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर मिटायचा आणि उघडायचा. मिटायचा, उघडायचा. मी म्हटलं वात आहे. मलम आणलं, रोज चोळून दिलं, दाबायला रबरी चेंडू आणला. चेंडू तू एकदा दाबलास आणि नातवाला देऊन टाकलास.

तू गेलीस तेव्हा जुन्या चाळीतल्या समोरच्या काकू आल्या होत्या, काठी टेकत. कबरीवर माती टाकून झाली, सगळे पांगायला लागले, तरी त्या तिथेच उभ्या. मी त्यांना धरून रिक्षापर्यंत नेत होते तर म्हणाल्या, "तुझी आई मुठीला माझं नाव घ्यायची गं. मालक दवाखान्यात होते तेव्हापासून. आता माझं नाव कोण घेणार?" मला काही कळेना. मग रिक्षात बसताना त्यांनीच सांगितलं: तू रोज एका माणसाच्या नावाने मूठ काढायचीस. आज बाळंतीण, उद्या परीक्षेला बसलेली कोणाची पोर, आणि पप्पांना कामावर छळणारा सुपरवायझरसुद्धा, त्याच्या बायकोला कावीळ झाली होती तेव्हा. तांदूळ कोणाकडे जायचे ते पाळकसाहेबांचं काम, पण सकाळी कोणासाठी उठायचं ते तुझं तू ठरवलेलं असायचं. सगळ्या चाळीला हे माहीत होतं. मी तुझ्या शेजारी बसून जेवले आणि मला गीताची ओळ वाटली. आणि तुझ्या हाताला मी मलम चोळत राहिले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मला समजतं. पाळकसाहेब म्हणतील, प्रार्थनेत बोला. पण प्रार्थनेत मी प्रभूशी बोलते, आणि हे तुला सांगायचंय. मी रविवार चुकवत नाही, गीतं मला पुस्तकाशिवाय येतात, नाताळला वर्गणी सगळ्यात आधी माझी असते. तारण झालेल्या माणसाने आणखी काय करायचं असतं, असं मला कालपर्यंत वाटत होतं. तुला जाऊन बरीच वर्षं झाली, आता मी तुझ्याच खुर्चीत बसते. वेत बदलून घेतलाय. लेक आणि सून कामावर जातात, जाताना लेक म्हणतो, आई, तू काही करू नकोस, फक्त आराम कर. अगदी माझ्याच सुरात म्हणतो. पोराचा काय दोष? बघून शिकला.

आज सकाळी स्वयंपाकाच्या मावशी कणीक मळत होत्या. मी उठले, मोजून ठेवलेल्या तांदळात हात घातला आणि मूठ वर काढली. आता नाव घ्यायचं. हात तसाच राहिला, आई. एक नाव येईना. शेजारच्या दारावर पाटी आहे, ती मी कधी वाचली नाही. चर्चमध्ये मी सगळ्यांना सलाम करते, पण कोणाच्या घरी काय चाललंय ते मला माहीत नाही. आलं ते फक्त तुझं नाव आलं, आणि तुला आता कोणाच्या मुठीची गरज नाही.

मावशींनी विचारलं, आजी, तांदूळ कमी झाले, पाणी कमी करू का? मी म्हटलं, नको, पाणी राहू दे तेवढंच. भात गिचका झाला. तो मी एकटीनेच जेवले. काढलेली मूठ वाटीत घालून समोर ठेवली आहे.

मावशी दीड वर्षापासून येतात. पायाला काहीतरी झालंय त्यांच्या, थोड्या लंगडतात. मी त्यांना मावशी म्हणते, सून मावशी म्हणते, फोनमध्येही मावशी असंच आहे. त्यांचं नाव मला माहीत नाही.